फळ्यावर उतरवलं नाही तर

७ ऑक्टोबर २००२, सोमवार

पुण्याच्या माझ्या कंपनीने जानेवारीत ही डायरी वाटली आणि मार्चमध्ये कंपनीच बुडाली. नऊ महिन्यांची पानं कोरी आहेत. आजपासून लिहायचं ठरवलं, कारण यापुढे दिवसभरात एखाद्या शहाण्या माणसाशी बोलायचा योग येईल असं दिसत नाही.

नाशिकहून साडेआठची एसटी धरली, साडेनऊला निफाडला उतरलो. मांडव द्राक्ष मंडळाचं कार्यालय म्हणजे दोन खोल्या, पुढे भिंतीवर काळा फळा आणि मागे मंडळाचा एक एकर द्राक्षाचा प्लॉट. माझं पद ‘संगणक अधिकारी’. अधिकार एका संगणकावर.

काम असं आहे. प्लॉटमध्ये यंत्रांची एक पेटी बसवली आहे. ती तापमान मोजते, हवेतला ओलावा मोजते आणि पानं किती वेळ ओली होती ते मोजते. तिची वायर कॉम्प्युटरला येते. पानं रात्री फार वेळ ओली राहिली की डावनी नावाची बुरशी येते, आणि फुलोऱ्यातला घड दोन दिवसांत हातचा जातो. म्हणून रोज सकाळी साडेसातला फळ्यावर बुलेटिन लावायचं की आज फवारा किंवा फवारू नका. त्यावर पन्नासेक गावं चालतात म्हणे. पन्नास गावं एका कागदावर चालतात यातच त्यांची अक्कल दिसते.

कार्यालयात माझ्याशिवाय एकच माणूस, सविता गांगुर्डे. कारकून, टायपिस्ट, झाडलोट, चहा, सगळं तीच. वय तेहतीस-चौतीस, टायपिंगची परीक्षा पास. घर प्लॉटच्या कुंपणाला लागून. प्लॉटमध्ये लाकडी खोक्यात दोन जुने तापमापक टांगलेत, एकाच्या टोकाला ओली चिंधी बांधलेली. ही बाई रोज तीनदा जाऊन ते वाचते आणि वहीत लिहिते. पेटी आल्यापासून त्याची गरज काय, असं मी विचारलं. म्हणाली, सवय आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

मशीनवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी प्रणाली चढवली. विंडोज काढता येत नाही, कारण मराठी टायपिंगचा फाँट त्यातच चालतो आणि बुलेटिन मराठीत हवं. माझा मोजणीचा प्रोग्राम मात्र लिनक्सवरच चालणार, त्या खेळण्यावर नाही. म्हणजे एका घरात दोन सुना. मशीन सुरू झालं की लिलो नावाचा एक चिमुकला बूटलोडर सगळ्यांच्या आधी उठतो आणि विचारतो, लिनक्स की विंडोज. बाण वर-खाली करायचा आणि एन्टर मारायचं. काहीच सांगितलं नाही तर तो आपल्या मनाने विंडोजमध्ये जातो. हे सविताला समजवायला मला पाऊण तास लागला. समजलं तिला पाच मिनिटांतच, असं तिचं म्हणणं.

शेवटी मशीनने विचारलं, पुढे कधी लिलो उठला नाही तर मशीन सुरू करायला एक फ्लॉपी बनवून ठेवायची का? मी ‘नाही’ दाबणार एवढ्यात ती म्हणाली, “साहेब, मागतंय तर देऊन टाका ना.” मला हसू आलं. अशा फ्लॉप्या घाबरट लोक बनवतात. पण खेळायला म्हणून दिली एक. तिने त्यावर तारीख घातली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि पेढ्यांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घालून कपाटात ठेवली. देव्हाऱ्यात ठेवली नाही हेच नशीब.

२१ ऑक्टोबर, सोमवार

अडचण निघाली. इथे वीज केव्हाही जाते. परत आली की मशीन आपोआप सुरू होतं, पण लिलो त्याला विंडोजमध्ये नेतो आणि माझा प्रोग्राम बंदच राहतो. रात्रीची नोंद गेली म्हणजे सगळंच गेलं, कारण पानं ओली होतात ती रात्री.

पंधरा दिवस हे कळलं कसं नाही, असं मला वाटलं. तर सविताच्या वहीत सापडलं. ‘प. ४.१० लाईट आली. बाण खाली, एन्टर.’ ‘रा. ११.३५ लाईट आली. बाण खाली, एन्टर.’ घरातला बल्ब लागला की ही उठून कार्यालयात येते, मशीन पुन्हा सुरू करते आणि एक कळ दाबून परत जाते. म्हणजे मंडळाने एक कळ दाबायला माणूस ठेवलं आहे. पुण्यात सांगितलं तर लोक खोटं समजतील.

अध्यक्ष कोंडाजी आबा दुपारी आले होते. सत्तरीचे आहेत, स्वतःची बारा एकर बाग, बोलतात कमी आणि ऐकताना डोळे मिटतात. झोप लागते की काय कोण जाणे. मी त्यांना म्हटलं, हे आपोआप करता येतं, एका फाइलीत चार ओळी बदलायच्या. आबा म्हणाले, “मंग ह्या बाईला पहाटचं यायची गरज नाय?” मी म्हटलं, पहाटेच काय, कधीच नाही. त्यावर ते म्हणाले की मंडळाला तसंही यंदा दोन माणसं जड जात आहेत, तर दिवाळीनंतर मला लेखी द्या.

सविता दारात चहा घेऊन उभी होती. कप टेबलावर ठेवला आणि गेली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

लिलोची फाइल बदलली. लिनक्स पहिलं केलं, विंडोज दुसरं. थांबायचा वेळ लिहिला पन्नास, म्हणजे पाच सेकंद. ही मंडळी त्याला पन्नास सेकंदच समजणार. हे सगळं मी करत असताना सविता माझ्या खुर्चीमागे वही घेऊन उभी होती. जिची नोकरी या चार ओळींनी जाणार ती त्या ओळी सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होती. माणसं स्वतःचं नुकसानही किती टापटिपीने करतात.

मग तिने विचारलं, फाइल बदलून झाली तर तुम्ही परत खाली लिलो असं लिहून एन्टर का मारलं? मी सांगितलं की मशीन उठतं तेव्हा ही फाइल वाचत नाही. फाइलीत लिहिलेलं डिस्कच्या पहिल्या कप्प्यात उतरवावं लागतं, आणि ते काम ती आज्ञा करते. ती नाही दिली तर फाइल कितीही सुंदर लिहा, उपयोग शून्य.

ती वहीकडे बघत म्हणाली, “म्हणजे वहीत बुलेटिन लिहिलं, पण फळ्यावर उतरवलं नाही तर गोजराबाईला काय कळणार?”

उदाहरण गावंढळ आहे, पण चुकीचं नाही. गोजराबाई म्हणजे एक म्हातारी विधवा. तिची दोन एकर बाग आहे आणि रोज सकाळी ती फळ्यापाशी येऊन उभी राहते. वाचता येत नाही, दुसऱ्याकडून वाचून घेते. मी स्वतः त्या फळ्याकडे पाहत नाही. त्यावरचा आकडा माझाच प्रोग्राम काढतो, मला तो फळ्याने काय सांगायचा?

२ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीची सुट्टी लागली. दहा दिवसांत वीज सतरा वेळा गेली आणि सतराही वेळा मशीन बरोबर लिनक्समध्ये आलं. हे आबांना सांगितलं तर म्हणाले, “बरंय.” गाढवाला गुळाची चव काय.

घरी बायकोला, स्नेहलला, सगळं सांगितलं. ती सिडकोतल्या शाळेत शिकवते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीवर तिला शेरा मारावाच लागतो. म्हणाली, “म्हणजे तिथे माणूस नसला तरी चालतं, हे सिद्ध करायला तुम्ही रोज एसटीने जाता?” मी ताटातली चकली उचलली. चकली मात्र चांगली झाली होती.

११ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टीनंतर पाहतो तर विंडोजवर पत्त्यांचा खेळ उघडा. आबांचा कोणी पाहुणा बसला होता म्हणे. उद्या हे व्हायरस आणतील आणि खापर माझ्यावर फोडतील. मी लिलोच्या फाइलीत विंडोजपुरता पासवर्ड घातला. लिनक्स आपोआप सुरू होईल, विंडोज मात्र पासवर्ड दिल्याशिवाय नाही. पासवर्ड ठेवला ‘गावठी’, इंग्रजी अक्षरांत. सहा अक्षरांत इथल्या सगळ्यांचं वर्णन झालं. मला विसरायची भीती नाही आणि इथल्या कुणाला सुचायची शक्यता नाही.

लिलो चालवलं तेव्हा त्याने काहीतरी इशारा दिला, फाइल सगळ्यांना वाचता येते वगैरे. इथे वाचणार कोण?

सविता म्हणाली, बुलेटिन विंडोजमध्ये टाइप होतं आणि तुम्ही येता साडेनऊला, मग साडेसातचं कसं करायचं? मी म्हटलं, यापुढे दहाला लागेल. पन्नास गावं अडीच तासांनी बुडत नाहीत. ती म्हणाली, फवारणी ऊन चढायच्या आत करावी लागते. मी म्हटलं, मग उन्हाला सांग थांबायला.

जरा जास्तच बोललो. पण नियम म्हणजे नियम.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज स्टँडवरून येताना गोजराबाई आडवी आली. म्हणाली, “सायब, सकाळी साडेसातला छापील कागद लागतोय, लय ब्येस झालं. पयल्यावानी खडूचं पुसत नाय.” मी फक्त मान हलवली. छापील कागद मी पासवर्ड टाकल्याशिवाय निघूच शकत नाही, आणि मी येतो साडेनऊला. म्हातारीला घड्याळही कळत नाही, पण फुलोरा धरलेली बाग आहे. असल्या लोकांसाठी मी पानांचे तास दशांशात काढतो.

खरं तर या आठवड्यात मी पासवर्ड टाकून दिल्यावर सविता रोज म्हणते, बुलेटिन झालंय, आता फक्त पत्रं टाइप करायची आहेत. हाताने खरडत असेल. मी चौकशी केली नाही. काम मार्गी लागतंय ना, मग झालं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आबांसाठी अहवाल केला. मला मराठी टाइप करता येत नाही, तेव्हा मी सांगितलं आणि सविताने टाइप केलं. मुख्य वाक्य असं: ‘सदर यंत्रणा आता पूर्णपणे स्वयंचलित असून, कार्यालयाचे काम यापुढे एकाच व्यक्तीकडून होऊ शकते.’

ती टाइप करता करता थांबली. “साहेब, कुठली व्यक्ती ते लिहायचं नाही का?”

मी म्हटलं, उघड आहे ते.

तिने ओळ पुरी केली. माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या, दोन प्रती काढल्या आणि सहीसाठी पेन पुढे केलं. मला वाटलं होतं रडेल, विनवण्या करेल. तिची मुलगी संजना सातवीत आहे. नोकरी गेली तर सविताला परत लोकांच्या बागांत घडांच्या विरळणीला जावं लागेल, दिवसभर मान वर करून मणी कापायचे. चार वर्षं तिने तेच केलं आहे आणि मानेचं दुखणं तेव्हापासूनचं आहे. हे मला तिने नाही सांगितलं, स्टँडवरच्या चहावाल्याने सांगितलं. अशा गोष्टी ऐकून निर्णय घ्यायचे तर मग यंत्रं आणायचीच कशाला?

सही केली. अक्षर जरा वाकडं आलं.

आबांनी अहवाल दोनदा वाचला. म्हणाले, पंचविसापासून आठवडाभर बाईला सुट्टी देऊ आणि बघू.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सविता आली नाही. मी साडेनऊला आलो, मशीन चालू होतं, आकडे जागेवर होते. बुलेटिन टाइप करायला बसलो तर एकेक अक्षर शोधण्यात पाऊण तास गेला. ‘फवारणी’तला ‘फ’ कुठे असतो हे शोधण्यातच दहा मिनिटं. सव्वाअकराला कागद लावला. फळ्यापाशी तोवर कोणी उरलं नव्हतं, फक्त गोजराबाई ओट्यावर बसून होती. कागद वाचून दाखवायला तिने मलाच सांगितलं. मी म्हटलं, काम आहे.

चहा मिळाला नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

सहा दिवस झाले आणि यंत्रणा उत्तम चालली. वीज नऊ वेळा गेली, एकदाही अडचण नाही. सोमवारी आबांना शेवटचं सांगायचं.

दुपारी वेळ होता म्हणून लिलोच्या फायली जिथे असतात ते फोल्डर पाहिलं. तिथे नुसता उकिरडा. जुन्या प्रती, नव्या प्रती, नावांचा पत्ता नाही. निघण्याआधी सगळं नीट लावावं असं वाटलं. नवीन फोल्डर केलं, कामाच्या फायलींच्या प्रती त्यात ठेवल्या, जुन्या काढून टाकल्या आणि लिलोच्या फाइलीत नवे पत्ते लिहिले. शेवटी फाइल इतकी देखणी दिसली की ती कुणाला दाखवावी असं वाटलं. दाखवायला कोणी नव्हतं.

पाच दहाची एसटी गाठायची होती, पळत सुटलो. उद्या रविवार. बुरशीलाही एक दिवस सुट्टी.

२ डिसेंबर, सोमवार

जे झालं ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कोणी उलटसुलट सांगू नये.

कालपासून आभाळ भरलेलं होतं. रात्री निफाडला बारीक पाऊस पडत राहिला, नाशिकला रस्ता ओला झाला एवढंच. मी साडेनऊला उतरलो तर कार्यालयापुढे तीस-चाळीस लोक, मोटरसायकली, एक ट्रॅक्टर. मला वाटलं कोणी गेलं की काय. आत शिरलो. स्क्रीन काळी आणि डाव्या कोपऱ्यात फक्त दोन अक्षरं, एल आणि आय. लिलो आपलं अर्धं नाव लिहून थांबला होता. वीज काल दुपारी गेली होती, रात्री परत आली तेव्हापासून मशीन तसंच. रात्रीचा एकही आकडा नाही, आणि अख्ख्या हंगामात गरज होती ती याच रात्रीची.

मशीन चारदा बंद-चालू केलं. चारदा तीच दोन अक्षरं. घाबरलो, हे इथे लिहायला हरकत नाही. बाहेर एवढे लोक उभे आणि मी कॉम्प्युटरपुढे बसून घामाने भिजलेला.

मग लक्षात आलं की बाहेर कोणी ओरडत नाही. लोक येत होते, फळा वाचत होते आणि जात होते. आबा आत आले आणि म्हणाले, यंत्र नीट करा सावकाश, फवारे सुटलेत. मी विचारलं, कशावरून सुटले? तर म्हणाले, सविताने पहाटेच खडूने लिहून ठेवलं.

रात्री वीज आली, कार्यालयातला दिवा लागला, पण यंत्राची ओळखीची घरघर ऐकू आली नाही म्हणून सुट्टीवर असलेली ही बाई खिडकीतून डोकावली होती. दोन अक्षरं पाहून तिला कळलं की आज आकडे नाहीत. मग दर तीन तासांनी छत्री घेऊन प्लॉटमध्ये गेली, पानांना हात लावून पाहिला, चिंधीवाले तापमापक वाचले आणि वहीत लिहिलं. नऊला ओली, बाराला ओली, तीनला ओली, सहाला ओली. साडेसहाला फळ्यावर लिहिलं आणि शेजारच्या दुकानातून गावोगाव फोन केले. सवय आहे म्हणते.

अकराच्या सुमाराला ती आत आली. हातात तोच पेढ्यांचा डबा. फ्लॉपी काढून तिने टेबलावर ठेवली. मी ती घातली, मशीन सुरू केलं, आणि कुरकुरत कुरकुरत पाच मिनिटांनी लिनक्स आलं. मी ती देखणी फाइल उघडून वरपासून खालपर्यंत तीनदा वाचली. एकही चूक नव्हती. चौथ्यांदा वाचायला घेतली.

ती मागून हळूच म्हणाली, “साहेब, शनिवारी फळ्यावर उतरवायचं राहिलं का?”

मी लिलो लिहिलं आणि एन्टर मारलं. फ्लॉपी काढून मशीन पुन्हा सुरू केलं. पूर्ण चार अक्षरं आली आणि पुढे सगळं सुरळीत.

नोंदीसाठी लिहून ठेवतो की ती फ्लॉपी माझ्याच परवानगीने बनवली गेली होती. आबांनी काय झालं होतं असं विचारलं तेव्हा मी विजेचा दाब कमी-जास्त झाला असं सांगितलं. सविता तिथेच उभी होती. ती फ्लॉपी पुसून डब्यात ठेवत होती.

३ डिसेंबर, मंगळवार

तिला सुट्टी संपवून कामावर घेतलं. म्हणजे आबांनी घेतलं. स्नेहलला सोमवारचं सगळं सांगितलं, विजेच्या दाबासकट. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “आणि तिला हे तुम्हीच शिकवलंत ना? मग निदान एक मुलगी तरी नीट शिकली तुमच्याकडे.” ती मुलगी नाही, चौतिशीची बाई आहे, असं मी सांगितलं. स्नेहलने लाल पेनाने काहीतरी खोडलं.

झोप नीट लागत नाही. ते विजेच्या दाबाचं बोलणं परत परत आठवतं. तिने तिथल्या तिथे खोटं पाडलं असतं तर बरं झालं असतं.

११ डिसेंबर, बुधवार

ज्यांनी दोन तारखेला फवारलं त्यांच्या बागा वाचल्या. ज्यांनी ढगाकडे बघून उद्यावर टाकलं त्यांचे घड काळे पडले. गोजराबाईची बाग वाचली. ती शिळी पुरणपोळी घेऊन आली होती. सविताला दिली, आणि मी समोर होतो म्हणून अर्धी मलाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आबांनी बोलावलं. टेबलावर माझा अहवाल होता, चार घड्या पडलेला.

“तुमचा कागद म्यां परत वाचला,” ते म्हणाले. “खरं हाय तुमचं. एका माणसात भागतंय.”

मी म्हटलं, हो.

“मंग तुमी सोमवारपासून येऊ नका. म्हैना पुरा देतो. कागद तुमचाच हाय, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.”

मी पुष्कळ बोललो. प्रोग्राम कोणी लिहिला, लिनक्स कोणी आणलं, बूटलोडर म्हणजे काय हे या तालुक्यात आणखी कोणाला माहीत आहे. आबांनी डोळे मिटून ऐकलं. या वेळी मला खात्रीने कळलं की ते झोपत नाहीत. शेवटी म्हणाले, यंत्र तुम्ही झकास बसवलं, त्याबद्दल मंडळ ऋणी आहे, पण ते बंद पडलं तेव्हा तुम्हीही बंद पडलात. ती नाही पडली.

एसटीत शेजारी बसलेला माणूस काहीतरी विचारत होता. घोटीची गाडी कुठून लागते असं काहीसं. मी ऐकलंच नाही.

रात्री स्नेहल ताट वाढून समोर बसून राहिली. तेही सहन झालं नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

शेवटचं जायचं होतं, चाव्या आणि माहिती देण्यासाठी. झोप नव्हतीच, म्हणून पहाटेची पहिली गाडी पकडली आणि पावणेआठलाच निफाडला उतरलो. या वेळी इथे मी कधी आलोच नव्हतो.

सविता वही उघडून बसली होती. नोंदवही बघून घ्या म्हणाली. पाहिली. ९ ऑक्टोबरपासून मी त्या मशीनवर जे जे केलं ते तारीखवार, माझ्याच शब्दांत. प्रोग्राम कसा सुरू करायचा, लिलोच्या चार ओळी, थांबायचा वेळ पन्नास म्हणजे पाच सेकंद. प्रत्येक बदलाखाली लाल शाईत एक ओळ: फळ्यावर उतरवणे. पुण्यात एवढी नीट वही माझी नव्हती, कोणाचीच नव्हती. हे मी तिला सांगायला हवं होतं. इथे लिहितो आहे.

मग एकच गोष्ट राहिली. विंडोजचा पासवर्ड. तो तिला सांगितल्याशिवाय तिला बुलेटिन टाइप करता येणार नव्हतं. तो शब्द तिच्या तोंडावर, अक्षर अक्षर सोडून, मला सांगावा लागणार होता. मी रुमाल काढला, पाणी मागितलं, खुर्ची सरकवली. म्हटलं, सविताबाई, तो पासवर्ड मी तेव्हा घाईत ठेवला होता, त्याचा कोणाशी संबंध नाही.

“माहीत आहे, साहेब,” ती म्हणाली. “त्या फाइलीतच लिहिलेला असतो. तुम्ही घातला त्याच संध्याकाळी वाचला मी. रोज सकाळी तोच टाकून बुलेटिन काढते.”

मी बोटांवर मोजलं. पाच आठवडे. सुट्टीचा आठवडा सोडला तर रोज सकाळी, मी नाशिकमध्ये दाढी करत असताना, तिने तो शब्द स्वतःच्या हाताने टाइप केला होता, पन्नास गावांना सांगायला की आज फवारा, आज फवारू नका. आणि मी साडेनऊला येऊन तोच पासवर्ड तिच्यापासून हाताने झाकून टाकत होतो. ती दर वेळी तोंड दुसरीकडे वळवायची. मला वाटायचं, निदान एवढी शिस्त तरी आहे. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

मी म्हटलं, बदलून टाका. मी आत्ता बदलून देतो.

“राहू द्या,” ती म्हणाली. “लक्षात राहतो.”

ती रागावलेली दिसत नव्हती. ते आणखीच वाईट होतं. तिने चाव्या मोजून घेतल्या, सही घेतली आणि चहा विचारला. मी नको म्हटलं. दारापर्यंत आली आणि म्हणाली, सांभाळून जा.

परतीच्या गाडीला अर्धा तास होता. बाहेर गोजराबाई फळ्यापुढे उभी होती. मला म्हणाली, “वाचा की सायब.” मी म्हातारीशेजारी उभा राहिलो आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा तो फळा वाचला, मोठ्याने. छापील अक्षरं, सरळ समास, कोपऱ्यात चार टाचण्या. ‘रात्री पाने तीन तास ओली. डावनीचा धोका नाही. आज फवारणी करू नये.’

ती म्हणाली, “खाली काय हाय अजून?”

खाली वेळ घातली होती. सकाळी साडेसात.